सिंगापूर ते न्यूयॉर्क : किती किलोमीटर आणि किती तास?

माझ्या एका मैत्रिणीला कामानिमित्त सिंगापूरहून न्यूयॉर्कला थेट विमानाने जायचे होते. तिकीट काढण्याआधी तिने विमानतळांमधली अंतरे सांगणाऱ्या एका संकेतस्थळावर दोन्ही नावे टाकून पाहिली, तेव्हा सुमारे १५,३४० किलोमीटर आणि साडेसतरा तास असे उत्तर मिळाले. तिकिटावर मात्र साडेअठरा तासांहून थोडा अधिक वेळ दिलेला होता. "या दोघांत खोटे कोण बोलते आहे, ते तू सांग," असा निरोप तिने मला पाठवला. नकाशे, वेळापत्रके आणि पृथ्वीचा गोल यांत माझा रिकामा वेळ जातो हे तिला ठाऊक आहे. मी तिला दोन ओळींचे उत्तर दिले खरे, पण त्या दोन ओळींत जे मावले नाही ते इथे लिहितो आहे.

प्रथम अंतराविषयी, कारण त्याबाबत वादाला फारशी जागा नाही. गोलावरच्या दोन बिंदूंमधला सर्वांत जवळचा मार्ग म्हणजे त्यांतून जाणाऱ्या बृहद्‌वृत्ताचा (गोलाचे दोन समान भाग करणाऱ्या वर्तुळाचा) लहान कंस, आणि पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून धरला की तो दोरा आपोआप त्या कंसावर बसतो. संगणकाला हेच काम त्रिकोणमितीच्या सूत्राने करावे लागते. सिंगापूर-न्यूयॉर्क या जोडीची गंमत अशी, की इथे सूत्राचीही गरज पडत नाही. सिंगापूरचा चांगी विमानतळ सुमारे १०४ अंश पूर्व रेखांशावर आहे आणि न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ सुमारे ७४ अंश पश्चिम रेखांशावर. दोहोंची बेरीज १७८ होते, म्हणजे पूर्ण अर्ध्या फेरीला जेमतेम दोन अंश कमी. दोन ठिकाणे अशी जवळजवळ समोरासमोरच्या रेखांशांवर असली की त्यांच्यातला जवळचा मार्ग ध्रुवाकडून जातो. चांगी १.४ अंश उत्तर अक्षांशावर आहे, म्हणून तिथून उत्तर ध्रुव ८८.६ अंश दूर, केनेडी ४०.६ अंशांवर, म्हणून ध्रुवापासून तिथपर्यंत ४९.४ अंश. एकूण १३८ अंश झाले. अक्षांशाच्या एका अंशात ६० सागरी मैल असतात आणि एक सागरी मैल १,८५२ मीटरचा असतो. तेव्हा ८,२८० सागरी मैल, म्हणजे सुमारे १५,३३५ किलोमीटर. एवढे गणित पाटीवरही होते. पृथ्वी ध्रुवांशी किंचित चपटी आहे, हे हिशेबात धरले तर आकडा आणखी सुमारे पंधरा किलोमीटरने वाढतो, पण पंधरा हजारांत पंधरा किलोमीटर म्हणजे काहीच नाही. माझ्याकडचा गोल ३० सेंटिमीटर व्यासाचा आहे आणि त्यावर हा दोरा ३६ सेंटिमीटर भरतो, हेही मी मोजून पाहिले आहे.

हा कंस उत्तर ध्रुवापासून तीनशे किलोमीटरच्या आतून जातो, हे मात्र भिंतीवरच्या नकाशाकडे पाहून कोणाच्याही ध्यानात येणार नाही. तो नकाशा बहुधा मर्केटर पद्धतीचा असतो. मर्केटरने १५६९ साली तो खलाशांच्या सोयीसाठी रचला, कारण त्यावर आखलेल्या सरळ रेषेच्या वाटेवर होकायंत्राची दिशा बदलत नाही. त्यासाठी त्याने ध्रुवाकडचा प्रदेश बेसुमार ताणला, आणि ध्रुव तर त्या कागदावर मावतच नाही. अशा नकाशावर सिंगापूर उजवीकडे खाली आणि न्यूयॉर्क डावीकडे वर दिसते, आणि दोहोंना जोडणारी रेषा मनातल्या मनात आफ्रिकेवरून अटलांटिकपार काढली जाते. विमानातल्या पडद्यावर वाकडी वाट दिसली की वैमानिक वळसा घालतो आहे असे शेजारचा प्रवासी हमखास म्हणतो. बहुतेक वेळा वाकडा असतो तो नकाशा.

जगातले कोणतेही दोन विमानतळ एकमेकांपासून फार तर सुमारे वीस हजार किलोमीटर दूर असू शकतात, कारण त्याहून पुढे गेले की दुसऱ्या बाजूने अंतर कमी होऊ लागते. हा आकडा इतका गोल असण्यामागे योगायोग नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये मीटर ठरवला गेला तोच मुळी ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणून. त्या मानाने १५,३४० किलोमीटर म्हणजे शक्य असलेल्या कमाल अंतराच्या तीन चतुर्थांशांहून अधिक झाले.

आता वेळ. संकेतस्थळाने साडेसतरा तास कुठून काढले, हे ओळखणे सोपे आहे. अकरा किलोमीटर उंचीवर प्रमाण वातावरणाचे तापमान उणे ५६.५ अंश सेल्सिअस असते, आणि इतक्या थंड हवेत ध्वनीचा वेग ताशी सुमारे १,०६० किलोमीटर भरतो. आजची लांब पल्ल्याची विमाने त्याच्या ८५ टक्के वेगाने, म्हणजे ताशी सुमारे ९०० किलोमीटरने जातात. अंतराला या वेगाने भागले की सतरा तास येतात, वर चढण्या-उतरण्यासाठी अर्धा तास मिळवला की झाले. या हिशेबात एक मोठे गृहीतक दडलेले आहे. ९०० हा वेग हवेच्या सापेक्ष आहे, आणि ती हवा स्वतः एका जागी उभी आहे असे मानल्याशिवाय ही भागाकाराची पद्धत चालत नाही.

हवा उभी नसते. दोन्ही गोलार्धांत मध्य अक्षांशांवर, विमाने उडतात साधारण त्याच उंचीला, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे अरुंद आणि अतिशय वेगवान वारे आहेत, त्यांना आपण जेट प्रवाह म्हणतो. जपानी हवामानतज्ज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात तातेनो इथल्या वेधशाळेतून फुगे सोडून हे वारे मोजले होते. जगाला कळावे म्हणून त्यांनी आपला अहवाल १९२६ मध्ये एस्पेरांतो या कृत्रिम भाषेत प्रसिद्ध केला, आणि ती भाषा वाचणारे फारसे कोणी नसल्यामुळे तो बराच काळ दुर्लक्षित राहिला. सर्वांपर्यंत पोहोचावे म्हणून निवडलेली भाषा कोणीच वाचू नये, याचे मला दर वेळी वाईट वाटते. दुसऱ्या महायुद्धात उंचावरून उडणाऱ्या बॉम्बफेकी विमानांना समोरून या वाऱ्यांचे तडाखे बसू लागले, तेव्हा उरलेल्या जगाला ते नीट समजले.

या वाऱ्यांचे बळ किती असते, याचे ठळक उदाहरण फेब्रुवारी २०२० मधले आहे. ब्रिटिश एअरवेजचे एक ७४७ विमान न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचले आणि वाटेत त्याचा जमिनीच्या सापेक्ष वेग ताशी १,३२७ किलोमीटरपर्यंत गेला. समुद्रसपाटीवर ध्वनीचा वेग ताशी सुमारे १,२२५ किलोमीटर असतो, म्हणून विमानाने ध्वनीला मागे टाकले असे काहींना वाटले. प्रत्यक्षात विमान भोवतालच्या हवेतून नेहमीच्याच वेगाने जात होते आणि ती हवाच त्याला पाठीवर घेऊन धावत होती. उलट दिशेने त्याच मार्गावर साडेसात-आठ तास लागणे ही रोजची गोष्ट आहे.

इथे दोन गैरसमज वारंवार ऐकू येतात. पहिला असा, की पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते म्हणून पश्चिमेला जाणाऱ्या विमानाला मुक्काम आपणहून समोर येऊन मिळतो. तसे असते तर पश्चिमेचा प्रवास लवकर संपला असता, आणि वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. विषुववृत्तावर जमीन ताशी सुमारे १,६७० किलोमीटर वेगाने फिरते, पण तिच्याबरोबर वातावरणही फिरते आणि धावपट्टीवर उभे असलेले विमानही. दुसरा गैरसमज अधिक सूक्ष्म आहे : जाताना वाऱ्याने जे मिळवले ते येताना गमावले, म्हणजे हिशेब बरोबरीत सुटला. समजा अंतर ६,००० किलोमीटर आहे, विमानाचा वेग ताशी ९०० आणि वारा ताशी १००. वाऱ्याच्या साथीने सहा तास लागतात, वाऱ्याविरुद्ध साडेसात, एकूण साडेतेरा. वारा नसता तर जाऊन-येऊन तेरा तास वीस मिनिटे लागली असती. वाऱ्याविरुद्धचा प्रवास अधिक वेळ चालतो, म्हणून वाऱ्याचा जाचही अधिक वेळ सोसावा लागतो, आणि ती दहा मिनिटे कुठेच भरून निघत नाहीत.

यामुळे जवळची वाट लवकर पोहोचवतेच असे नाही. एअर इंडियाने २०१६ च्या ऑक्टोबरात दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी प्रशांत महासागरावरून न्यायला सुरुवात केली. तेव्हा सांगितलेले आकडे असे होते : अटलांटिकवरून सुमारे १३,९०० किलोमीटर, प्रशांतवरून सुमारे १५,३००. वाट १,४०० किलोमीटरने वाढली आणि वेळ जवळजवळ दोन तासांनी कमी झाला, कारण पूर्वी समोरून येणारा वारा आता पाठीमागून येऊ लागला.

सिंगापूर-न्यूयॉर्क मार्गावरही हाच प्रकार चालतो, आणि ध्रुवाच्या सान्निध्यामुळे इथे वैमानिकांना निवडीची मुभा अधिक आहे. ध्रुव मध्ये ठेवून पूर्वेने जा किंवा पश्चिमेने, अंतरात पडणारा फरक वाऱ्याने भरून निघण्याजोगा असतो. म्हणून सिंगापूरहून निघालेले विमान पुष्कळदा जपानच्या बाजूने प्रशांत महासागर ओलांडून न्यूयॉर्कला जाते, आणि परतीचे विमान पुष्कळदा अटलांटिक ओलांडून युरोपमार्गे सिंगापूरला येते. दोन्ही वेळा तोंड पूर्वेकडेच. असा जाण्या-येण्याचा प्रवास केलेल्या माणसाने पृथ्वीप्रदक्षिणा केलेली असते, आणि बहुधा त्याला त्याचा पत्ताही नसतो. अशा दिवशी प्रत्यक्ष कापलेले अंतर संकेतस्थळावरच्या आकड्यापेक्षा बरेच अधिक भरते. त्या १५,३४० किलोमीटरच्या वाटेवरून नेमके त्याच रेषेने क्वचितच कोणी उडत असेल.

वाऱ्याखेरीज राजकारणही वाट वाकवते. हेलसिंकी आणि टोकियो यांच्यातले जवळचे अंतर सुमारे ७,८०० किलोमीटर आहे, पण त्यातला बहुतेक भाग रशियावरून जातो. सोव्हिएत काळात ती वाट सहज खुली नव्हती, म्हणून युरोपातून जपानला जाणारी कित्येक विमाने अलास्कातल्या अँकरेजला इंधनासाठी उतरत. स्कँडिनेव्हियन कंपनी एसएएसने १९५७ मध्ये कोपनहेगनहून त्या बाजूने टोकियोची सेवा सुरू केली होती. फिनएअरने १९८३ मध्ये डीसी-१० विमानाने ध्रुवाला वळसा घालून हेलसिंकीहून टोकियोला न थांबता जाऊन दाखवले. पुढे रशियाचे आकाश मोकळे झाले आणि हा प्रवास साडेनऊ तासांवर आला. २०२२ मध्ये ते आकाश पुन्हा बंद झाले, तेव्हा फिनएअरची विमाने पुन्हा ध्रुवाकडे वळली आणि प्रवास सुमारे तेरा तासांचा झाला. विमान चाळीस वर्षांनी आधुनिक, इंजिने कितीतरी काटकसरी, दोन्ही शहरे जागच्या जागी, आणि वेळ जिथून सुरू झाली तिथे परत. विमानतळांमधली अंतरे पाठ असणाऱ्या माझ्यासारख्याला याहून चांगली चपराक नाही.

दोन इंजिनांच्या विमानांना आणखी एक बंधन असते. एक इंजिन बंद पडले तर उरलेल्या इंजिनावर ठरावीक मिनिटांत एखादा पर्यायी विमानतळ गाठता आला पाहिजे, आणि वाट त्या बेताने आखावी लागते. १९८५ मध्ये ही मर्यादा काही विमानांसाठी १२० मिनिटे झाली आणि ७६७ जातीची विमाने अटलांटिक ओलांडू लागली. ए३५० विमानाला २०१४ मध्ये ३७० मिनिटांपर्यंतची मान्यता मिळाली. आता या नियमामुळे वळसा घ्यावा लागेल असे फारच थोडे प्रदेश उरले आहेत.

इतके लांब जायचे तर इंधन किती न्यावे, हा प्रश्न मला सर्वांत रंजक वाटतो, कारण इंधन वाहून नेण्यासाठीसुद्धा इंधन जळते. प्रवासाच्या शेवटच्या तासात लागणारे इंधन आधीचे सतरा तास उचलून न्यावे लागते. म्हणूनच सिंगापूर एअरलाइन्स या मार्गावर जे ए३५० विमान वापरते त्याच्या टाक्यांत १,६५,००० लिटर इंधन मावते आणि आसने मात्र केवळ १६१ आहेत. एरवी तेवढ्याच विमानात तीनशेच्या घरात माणसे बसतात. याच कंपनीने २००४ मध्ये चार इंजिनांच्या ए३४० विमानाने न्यूयॉर्कजवळच्या नेवार्कची थेट सेवा सुरू केली होती, पण इंधनाचा खर्च न झेपल्यामुळे ती २०१३ मध्ये थांबवली आणि २०१८ मध्ये दोन इंजिनांचे नवे विमान हाती आल्यावरच पुन्हा चालू केली. विमानतळ तेच, अंतर तेच, पण मधली पाच वर्षे या दोन शहरांमध्ये थेट वेळ असे काही अस्तित्वातच नव्हते.

हीच तारांबळ १९४३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून श्रीलंकेला जाणाऱ्या कॅटलिना या समुद्री विमानांची होती. युद्धामुळे मधली बेटे शत्रूच्या ताब्यात होती, म्हणून साडेपाच हजारांहून अधिक किलोमीटरचा हिंदी महासागर न थांबता ओलांडावा लागे. इंधनाचे वजन इतके होई की प्रवासी फार तर तीन आणि टपाल ६९ किलो, एवढेच मावे. सत्तावीस ते तेहतीस तासांच्या त्या प्रवासात सूर्य दोनदा उगवताना दिसे, आणि सर्वांत लांबलेले उड्डाण ३२ तास ९ मिनिटांचे झाले. सिंगापूर-न्यूयॉर्कच्या जवळजवळ एक तृतीयांश अंतराला तो वेळ होता.

मध्ये थांबून जाणाऱ्यांनी उगाच कमीपणा मानू नये. सिंगापूर-फ्रँकफर्ट सुमारे १०,२८० किलोमीटर आणि फ्रँकफर्ट-न्यूयॉर्क सुमारे ६,१९० किलोमीटर. बेरीज १६,४७०, म्हणजे सरळ अंतराहून फक्त सात टक्के अधिक. वेळ वाढतो तो उतरणे, थांबणे आणि पुन्हा चढणे यात.

राहिला तिकिटावरचा वेळ. वेळापत्रकातला वेळ हा हवेतला वेळ नसतो. विमान आपल्या जागेवरून हलले तेव्हापासून ते मुक्कामाच्या ठिकाणी जागेवर उभे राहीपर्यंतचा तो वेळ असतो आणि त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. विमान उभे असताना चाकांना अडसर म्हणून ठोकळे लावतात, त्यावरून हा शब्द आल्याचे सांगतात. धावपट्टीपर्यंतची वाटचाल, रांगेत ताटकळणे, उतरण्यापूर्वी आकाशात मारलेल्या फेऱ्या, हे सगळे त्यात मोडते. शिवाय कंपन्या त्या ऋतूतल्या वाऱ्याचा अंदाज घेऊन त्यात थोडी सवड ठेवतात, म्हणजे बहुतेक दिवशी विमान वेळेवर पोहोचल्याचे सांगता येते. मैत्रिणीच्या साडेसतरा आणि साडेअठरा तासांमधला एक तास असा जमतो. दोघांपैकी खोटे कोणीच बोलत नव्हते. पण त्यांतला एकच आकडा कोणाला विमानतळावर न्यायला पाठवण्याच्या लायकीचा होता. मी स्वतः एकदा भागाकारावर विसंबून पाहुण्यांना आणायला गेलो होतो आणि आगमन कक्षातल्या कठीण खुर्चीवर सव्वा तास बसलो होतो.

घड्याळाचा घोळ यावर वेगळाच. सिंगापूरची प्रमाणवेळ न्यूयॉर्कच्या पुढे आहे, उन्हाळ्यात बारा तास आणि हिवाळ्यात तेरा. त्यामुळे मध्यरात्री सिंगापूरहून निघालेला माणूस अठरा-एकोणीस तास प्रवास करून न्यूयॉर्कला त्याच तारखेच्या पहाटे उतरतो, आणि कागदावर त्याचे सहा-साडेसहा तासच गेलेले दिसतात. याचा टोकाचा नमुना प्रशांत महासागरात आहे. सामोआने २०११ साली ३० डिसेंबर हा दिवसच गाळला आणि वाररेषेच्या दुसऱ्या बाजूला उडी घेतली. आज तिथून शेजारच्या अमेरिकन सामोआला जाणारे विमान पाऊण तासाच्या आत पोहोचते, पण आदल्या दिवशी.

मैत्रीण पोहोचल्यावर तिने कळवले, की विमान सतरा तास पन्नास मिनिटे हवेत होते आणि पडद्यावरच्या नकाशात ते प्रशांत महासागरावरून गेले. मग तिने परतीच्या तिकिटाचे छायाचित्र पाठवले : रात्री साडेदहाला न्यूयॉर्कहून प्रस्थान. सिंगापूरला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोहोचेन, म्हणून त्या रात्रीची खोली राखून ठेवते, असे तिने लिहिले होते. तिने प्रस्थानात साडेअठरा तास मिळवले होते आणि घड्याळातले बारा तास मिळवायची विसरली होती. पहिल्या तारखेच्या रात्री निघालेले ते विमान तिसऱ्या तारखेच्या पहाटे पाचला उतरणार होते, तेव्हा खोली तिसऱ्या तारखेपासून घे, असे मी तिला तातडीने कळवले.